मगरीचा कोड

जैनम सहा आठवडे माझ्या शेजारी बसला,
प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर लॅपटॉप.
त्याचं यंत्र माझा स्क्रीन बघत होतं:
कुठे क्लिक केलं, कुठे थांबले,
कुठली फाइल दोनदा उघडली.
"तुम्ही नेहमीसारखंच करा, मंदाबेन,
मी इथे नाहीच असं समजा."
पहिल्याच दिवशी मी त्याला सेवउसळ खाऊ घातली.
नसलेल्या माणसाने दोनदा तर्री मागितली.

मकरपुऱ्याच्या या कंपनीत सव्वीस वर्षं
बिल पासिंगला आहे मी.
ऑर्डर, आवक, बिल.
तिन्ही कागद जुळले की पैसे सुटतात.
आता जुळवायचं म्हणजे,
वाघोडियाचा पॅकिंगवाला गुजराती पाच काढतो,
तो आपल्याला 'प' दिसतो.
रणोलीचं एक बिल दिवाळीनंतर हमखास
विक्रम संवतात येतं,
सत्तावन्न वर्षं पुढचं.
"हे कुठे लिहिलंय?" जैनमने विचारलं.
कुठेच नव्हतं. त्याने लिहून घेतलं.
नियम क्रमांक एकशे चौदा.

पाचव्या आठवड्यात विश्वामित्री चढली
आणि आमच्या मागच्या नाल्यात मगर आली.
दोन-तीन वर्षांनी येतेच एखादी.
गंभीरसिंह पढियार पोरं घेऊन येतात,
धरतात, तोंड बांधतात, वनखात्याबरोबर जाऊन सोडतात,
मग वहीच्या पानावर बिल पाठवतात:
दोर, टेम्पो, चार माणसांचा चहा-नाश्ता.
अठराशे चाळीस.
ऑर्डर नाही. मगरीची ऑर्डर कोण देणार?
आवक म्हणाल तर झाली होती,
पण स्टोअरवाला सही करेना.
मगरीला कोड नाही,
म्हणून मी ती बागकामात घालते. किरकोळ.

संध्याकाळी जैनमने रेकॉर्डिंग मागे नेलं.
"इथे चार मिनिटं काहीच घडत नाही."
फोन केला होता.
"कुणाला?"
पढियारांना. मगर कुठे सोडली ते विचारायला.
"ते बिलाला लागतं?"
मी पाण्याची बाटली उघडली, परत बंद केली.
लागत नाही, म्हटलं.
त्याला वाईट वाटलं, मला दिसलं ते.
मग त्याने ती चार मिनिटं काढून टाकली.

दसऱ्याला यंत्र सुरू झालं.
झेंडूचा हार घालायचा कशाला, यावर अडलं,
कारण ते नक्की कुठे आहे कुणालाच ठाऊक नव्हतं.
शेवटी माझ्या मॉनिटरला घातला.

खोटं का बोलू,
पॅकिंगवाल्याला आता आठव्या दिवशी पैसे मिळतात.
पूर्वी चाळिसाव्या दिवशी मिळायचे,
आणि तो माझ्या टेबलापाशी उभा राहायचा,
काही न मागता, नुसता.
आम्ही नऊजण होतो, आता तिघं आहोत.
फणसे हालोलला गेला.
सुलोचनाने रक्कम घेतली आणि घरी बसली.
मी अपवाद बघते. हल्ली तेही कमी येतात.

यंदा पुन्हा पाणी चढलं. पुन्हा वहीचं पान.
स्कॅन तीन वाजून बारा मिनिटं.
पास तीन वाजून बारा मिनिटं.
खातं बागकाम, किरकोळ,
नियम तीनशे सहा, माझ्याकडूनच उचललेला.

सुटल्यावर स्टॉपवर उभी राहून
मी माझ्या फोनवरून फोन लावला.
"पैसा तो आवी गया, बेन," पढियार घाईने म्हणाले.
पैशाचं नाही. मगर कुठे सोडली?
पलीकडे क्षणभर शांत.
मग माणूस खुलला:
आजव्याच्या अंगाला सोडली,
मादी होती, साडेसात फूट, एक डोळा गेलेला,
टेम्पोत वाटभर शेपूट आपटत होती,
धाकट्याच्या बोटाला चार टाके पडले,
पण पाण्यात गेली ती अशी, बेन, अशी…

माझी बस आली आणि गेली.
अकरा मिनिटं झाली होती.
मी मोजली नव्हती, फोनने दाखवली.